न पुसलेला रुपया

[लाकडी ट्रे, तीन रुपये. कॅमेरा वरून]

हे तिन्ही राजा छाप रुपये एकाच घरातले. साल 1938. मुकुट घातलेला सहावा जॉर्ज, वजन 11.66 ग्रॅम, शंभरात जवळजवळ 92 भाग चांदी. साताऱ्याकडच्या एका आजींच्या डब्यातून ते न्यू जर्सीतल्या नातवाकडे आले.

पहिल्याला कडी लावून माळेत ओवलं होतं. कडी निघाली, डाग राहिला. दुसरा दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात असायचा, आणि आदल्या दिवशी चिंच-राखेने घासला जायचा. तिसरा फडक्याच्या पुरचुंडीत तसाच राहून गेला. कडेने निळसर काळा पडलाय.

[दिव्याखाली नाणं, अगदी जवळून]

दुसरा बघा. झगझगीत आहे. पण गालावर, कानामागे या बारीक रेघा दिसतात? सगळ्या एकाच दिशेच्या. ही राखेची खूण.

आता तिसरा. जरासा कलता केला की उजेडाची एक पट्टी चाकाच्या आरीसारखी गोल फिरते. टाकसाळीत ठसा पडताना दाबाखालची चांदी कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा उमटतात. ही पट्टी त्या रेषांची. एकदा घासली की गेली, कोणत्याही सोनाराला ती परत आणता येत नाही. आणि हा काळेपणा मळ नव्हे. हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला थर आहे. खाली सगळं शाबूत आहे. म्हणून हात जोडून सांगतो, घरात जुना रुपया सापडला तर त्याला लिंबू नको, पॉलिश नको, दंतमंजनही नको.

[पाकीट भरणारे हात]

कडीचा रुपया घरीच राहिला. दोघे ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून आकडा देणाऱ्या संस्थेकडे निघाले. नाणं धरायचं ते कडेवर, दोन बोटांत. पारदर्शक पाकीट जरा कडक, मायलर नावाच्या पातळ प्लॅस्टिकचं. मऊ, वास मारणारं प्लॅस्टिक असेल तर त्यातलं पीव्हीसी काही वर्षांनी नाण्यावर हिरवट चिकटा सोडतं. संस्थेच्या अर्जात देश, मूल्य, साल आणि विम्यासाठी किंमत. मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये पाकिटं, वर रबर, छोटा खोका. खोका हलवून बघायचा, खडखडला की पुन्हा बांधायचा.

[पोस्टाची खिडकी]

अमेरिकेतल्या रजिस्टर्ड टपालाला टेप कागदीच लागते, चकचकीत टेपवर शिक्क्याची शाई धरत नाही. प्रत्येक सांध्यावर गोल शिक्का. वाटेत कोणी खोका उघडला तर शिक्के जुळणार नाहीत.

भारतातून हे एवढं सोपं नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी पाठवता येत नाही.

[हमरस्ता, मग डॉ. शेल्डन यांच्या काळातले तांब्याचे सेंट]

ग्रेडिंग करणाऱ्या दोन मोठ्या संस्था अमेरिकेतल्याच. पीसीजीएस 1986 पासून, एनजीसी 1987 पासून. दोन्हीकडे 1 ते 70 अशी मोजपट्टी. मूळ कल्पना विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाची, 1949 ची, आणि तीही फक्त अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. 70 चं नाणं 1 च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, असा त्यांचा साधा हिशेब होता. किमतीचा तो हिशेब मागे पडला, आकडे राहिले. 60 आणि त्यावरचं नाणं म्हणजे व्यवहारात न फिरलेलं, त्याच्या आकड्याआधी एमएस, म्हणजे ‘मिंट स्टेट’, लिहितात. नाणं कोणाचं हे परीक्षकाला ठाऊक नसतं. एकापेक्षा जास्त जण ते वेगवेगळं पाहतात आणि मग आकडा ठरतो. त्यानंतर नाणं कडक, पारदर्शक डबीत बसवतात आणि ध्वनिलहरींनी तिच्या कडा सांधतात. नाणेवाले हिला स्लॅब म्हणतात.

[खोका उघडताना. दोन स्लॅब]

काळ्या रुपयाला एमएस 63. चकचकीतच्या चिठ्ठीवर आकडाच नाही. नुसतं ‘डिटेल्स’, आणि पुढे ‘साफ केलेलं’. किमतीत मोठा फरक पडला.

[दिवाळी. समई, ताट]

पूजेला आता कडीचा पहिला रुपया असतो. साध्या पाण्यातून काढतात, टिपतात, घासत नाहीत.

[कुंकवाचं बोट नाण्यावर]