सगळं बंद, मग आपोआप चालू: ट्रकची वीज मध्येच जाते तेव्हा

(दृश्य: रात्र. घाटाच्या चढावर भरलेला ट्रक. हेडलाइट अचानक विझतात.)

मुंबई–आग्रा महामार्गावरचा कसारा घाट. चढावर ट्रकचे हेडलाइट, मीटरचे दिवे, हॉर्न एकदम गेले. दोन मिनिटांनी ड्रायव्हरनं दार आपटलं आणि सगळं परत आलं. गाडी गॅरेजपर्यंत पोचते तेव्हा तिच्यात काहीच बिघाड दिसत नाही. मग अंदाजानं बॅटरी बदलली जाते, पुढच्या खेपेला अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं जनित्र), त्यानंतर किल्लीचा स्विच. पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

पूर्वीच्या यांत्रिक पंपाच्या बऱ्याच इंजिनांना एकदा चालू झाल्यावर विजेची गरज नसे. आताच्या कॉमन रेल इंजिनात इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) कधी उघडायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक ठरवतो. त्याची वीज गेली की इंजिनही थांबतं. पॉवर स्टिअरिंगचा पंप थांबून स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीतली हवा ब्रेकचं पेडल काही वेळा दाबण्यापुरतीच उरते, म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा मारू नका. एका दाबात गाडी डाव्या कडेला घ्या आणि पार्किंग ब्रेक लावा. हॅझर्ड दिवेही बंद असतील, तेव्हा रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे दूरवर ठेवा. चाकाखाली लावलेले दगड निघताना उचला. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा त्यांनी जीव जातो.

(दृश्य: बॅटरी बॉक्स. दोन बॅटऱ्या, त्यांना जोडणारी केबल.)

आता वायरिंग. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. बहुतेक गाड्यांत पॉझिटिव्ह केबल कटऑफ स्विचमधून (बॅटरीची सगळी वीज तोडणारा स्विच) सेल्फच्या, म्हणजे स्टार्टर मोटरच्या मोठ्या बोल्टवर येते. अल्टरनेटरची वायर त्याच बोल्टवर. तिथून मुख्य फ्यूजमार्गे वीज केबिनमध्ये जाते. परतीचा रस्ता चॅसिसचा, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा: केबिनची अर्थ वायर, इंजिनची अर्थ पट्टी आणि चॅसिसपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची केबल. काही गाड्यांत कटऑफ निगेटिव्ह बाजूला असतो, हे आधी बघून घ्या.

सगळंच एकदम जातं, तेव्हा दोष या सामाईक रस्त्यावरच असतो. एकेका दिव्याची वायर तपासत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

काय काय गेलं, हे ड्रायव्हरला नीट विचारा. निम्मा शोध तिथेच होतो. किल्लीवरचं सगळं गेलं, पण हॅझर्ड लागत होते? मग बॅटरी आणि मुख्य केबल ठीक आहेत. किल्लीचा स्विच, त्याचा रिले किंवा कनेक्टर बघा. किल्ली सेल्फवर नेल्यावर ‘टक्’ आवाज होऊन सगळं मेलं? तर बॅटरीच्या टर्मिनलपासून सुरुवात करा. चालत्या गाडीत दिवे आधी भगभगीत झाले, काही बल्ब उडाले आणि मग सगळं गेलं? तर सेल्फच्या बोल्टच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला काहीतरी सुटलंय. अल्टरनेटर एकटाच गाडी चालवत होता. बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज क्षणभर शंभराच्याही वर उसळू शकतं. त्यात ईसीयू जाऊ शकतो. म्हणून इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग होतंय का’ बघायची जुनी सवय आता सोडाच. आणि चालत्या गाडीत काहीही न चमकता क्षणात अंधार झाला, तर त्या बोल्टच्या पलीकडे बघा: मुख्य फ्यूज, केबिनची वायर, केबिनची अर्थ.

(दृश्य: मल्टिमीटर डीसीवर. टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबावर.)

गाडी बंद पडलेली असतानाच मोजा. हात लावून वायर हलवू नका, हलवली की ती जुळते आणि पुरावा जातो. कटऑफ चालू, हेडलाइटचा स्विच चालू ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे. केबलची एकच तार शाबूत असली तरी भार नसताना मीटर पूर्ण २५ व्होल्ट दाखवतो. भार दिला की खरं कळतं. २४ व्होल्टचा, २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प इथे मीटरइतकाच उपयोगी आहे.

काळी पिन पहिल्या बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरून ठेवा. खांबावर, क्लॅम्पवर (खांबाला आवळलेल्या केबलच्या पकडीवर) नाही. लाल पिन दुसऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर टेकवा. भरलेल्या, विसावलेल्या जोडीला २५.२ ते २५.४ व्होल्ट येतात. आता लाल पिन रस्त्यानं पुढे न्या: क्लॅम्प, कटऑफची आतली बाजू, बाहेरची बाजू, सेल्फचा बोल्ट, फ्यूजची दोन टोकं. जिथे २५चं शून्य होतं, त्याच्या लगेच आधीचा जोड दोषी. शेवटी लाल पिन चॅसिसच्या उघड्या धातूवर. इथे शून्य यायला हवं. २५ आले तर अर्थ तुटलीय: दिव्यांमधून आलेली वीज चॅसिसपर्यंत पोचतेय, पण तिला बॅटरीकडे परतायला रस्ता नाही.

खांबांवरच शून्य आलं, तर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. मधली जोडकेबल तुटली असेल, तर दोन्ही साडेबाराच्या आसपास दाखवतात. बॅटरीच्या आत सेल जोडणारी पट्टी तुटली असेल, तर भार चालू असताना त्या बॅटरीवर मीटर उलटा, म्हणजे उणे बारा-साडेबारा दाखवतो. भार काढला की तीच बॅटरी शहाण्यासारखी १२.६ दाखवते आणि दुकानदार म्हणतो ‘बॅटरी चांगली आहे’. अशी बॅटरी हलवून, ठोकून बघू नका. आत ठिणगी पडते आणि वर हायड्रोजन असतो. चष्मा लावा, ती काढा, बदला.

आणि वीज परत आल्यावरच गाडी हाती आली तर? तेव्हा इंजिन बंद ठेवून प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेजचा फरक मोजा: एक पिन खांबावर, दुसरी त्याच्या क्लॅम्पवर, आणि मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. जास्त आलं तर तो जोड उघडा. हिशेब करून बघा: जोडात ०.०१ ओहम अडथळा असेल, तर दिव्यांच्या १० अँपिअरला ०.१ व्होल्टच पडतो, कुणाला कळतही नाही. सेल्फच्या ४०० अँपिअरला तिथे ४ व्होल्ट पडतात आणि १,६०० वॅटची उष्णता होते. जोड तापतो, पसरतो, सुटतो. थंड झाला की परत चिकटतो. ‘आपोआप चालू’ होण्यामागचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

(दृश्य: हिरवट झालेला थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा. केबिन पुढे झुकवलेली.)

नेहमीच्या जागा सांगतो. टर्मिनल सैल म्हणून त्यात ठोकलेला खिळा किंवा पत्र्याची पट्टी. थिंबलच्या आत, इन्सुलेशनखाली हिरवं पडलेलं तांबं. अशी केबल वाकवली की कुरकुरते. कटऑफचे जळके कॉन्टॅक्ट; भाराखाली हाताला गरम लागतो. रंगावरच बसवलेला अर्थचा बोल्ट. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, म्हणून त्याची जाळीदार अर्थ पट्टी तुटली की सेल्फचा प्रवाह गिअरच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. ती केबल जळालेली दिसली, तर केबल बदलण्याआधी पट्टी बघा. आणि झुकणारी केबिन: बिजागरीजवळ वायरिंगचा गठ्ठा दर वेळी दुमडतो, तारा आतून तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

म्युझिक सिस्टिमसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नका. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते. २४ ते १२चा कन्व्हर्टर लावा.

दुरुस्ती करताना किल्ली बंद करून दोन मिनिटं थांबा, मग कटऑफ. बीएस-६ गाडीत किल्लीनंतरही अ‍ॅडब्लूचा (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाचा) पंप लाइन रिकामी करत असतो. काही गाड्यांना जास्त वेळ लागतो, मॅन्युअल बघा. निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. सेलची झाकणं घट्ट करून, लिटरभर गरम पाण्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा घालून टर्मिनल धुवा. सोडा आत जाता कामा नये. खांब आणि क्लॅम्प चकाकेपर्यंत घासा. कोरडे बसवा, आवळा, पेट्रोलियम जेली नंतर वरून लावा. बॅटरीची पकडपट्टी घट्ट करा. ती सैल असली की हादरे खांबांवर येतात.

मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून बॅटरीवर मोजा: २७.५ ते २८.५ व्होल्ट. केबिन हाताने हलवा, दारं आपटा, प्रत्येक केबल हलवा, आकडा डगमगू नये. पहिल्या लांब फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळून बघा. शिसं मऊ असतं, क्लॅम्प थोडा बसतोच.