बेचाळिसावा दिवस

[दृश्य : गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं एक घर. अंगणात सुपांत वाळत घातलेली भिरंडाची (कोकमाची) सोलं. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज.]

हे कार्ड बघा. माता आणि बाल संरक्षण कार्ड. कडा दुमडल्यात, मधल्या घडीवर सेलोटेप लावलाय. वजन ४८ किलो, मग ५०, मग ५३. रक्तदाब ११०/७०. हिमोग्लोबिन १०.२ होतं, पुढच्या खेपेला १०.८ झालं, म्हणजे लोहाच्या गोळ्या नीट चालल्या होत्या. तारखा सगळ्या वेळच्या वेळी. आठव्या महिन्यानंतरचे रकाने कोरे आहेत.

ज्या काकींनी हे कार्ड आमच्या हातात ठेवलं, त्या कार्डावरच्या गरोदर बाईच्या सासूबाई. कोणाचं नाव नको, गावाचं नाव नको, एवढीच त्यांची अट. म्हादईच्या काठचं, कुळागरांचं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांचं गाव, इतकंच सांगते. काकी म्हणाल्या, "आम्ही तिला फुलासारखी जपली. बाजारात पाठवली नाही, देवळात पाठवली नाही. फुलं माळायचा कार्यक्रमसुद्धा घरातल्या घरात केला. चार सवाष्णी, आणि आबोलीची वेणी मीच केली."

"जपली" हा शब्द त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तो ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कारण कोरोनाच्या त्या दोन वर्षांत सगळं जगच गरोदर बाईला जपत होतं. जपायचं म्हणून तिला औषधांच्या चाचण्यांतून वगळलं, आणि जपायचं म्हणूनच लशीच्या रांगेतून बाहेर ठेवलं.

[दृश्य : २०२० चे रिकामे रस्ते. पणजीचा बंद बाजार.]

२५ मार्च २०२० ला गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले. तेव्हा गरोदर बायकांबद्दल ठामपणे सांगता येईल असं फारसं काही हाती नव्हतं. सुरुवातीच्या बातम्या धीर देणाऱ्या होत्या : गरोदरपणात कोरोना झाला तरी वेगळा धोका दिसत नाही.

तो धीर फार टिकला नाही. त्याच वर्षीच्या जूनच्या मध्यापर्यंत जगभरातून कोरोनाने झालेल्या १६० मातामृत्यूंची माहिती अभ्यासकांनी गोळा केली. त्यातले १२४ एकट्या ब्राझीलमधले होते. आणि त्या १२४ पैकी जवळपास २३ टक्के बायकांना अतिदक्षता विभागाची खाट मिळालीच नव्हती. हे वाचलं तेव्हा मी पुढचं पान उलटलं नाही बराच वेळ. विषाणू तर सगळीकडे तोच होता.

मग मोठा अभ्यास आला. १८ देशांतली ४३ रुग्णालयं, कोरोना झालेल्या ७०६ गरोदर बायका आणि त्याच वेळी त्याच ठिकाणी असलेल्या, कोरोना न झालेल्या १,४२४ बायका. एप्रिल २०२१ मध्ये निकाल छापून आला : कोरोना झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २२ पट. पुढे २०२३ मध्ये १२ देशांतल्या तेरा हजारांहून जास्त गरोदर बायकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा हा आकडा सात पटींच्या आसपास आला. अभ्यास कुठल्या रुग्णालयांतला, तुलना कोणाशी, यावर आकडा कमीजास्त होतो. पण धोका वाढतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे.

[दृश्य : आरोग्य उपकेंद्र. टेबलावर ऑक्सिमीटर, बाजूला जाडजूड नोंदवही.]

का वाढतो, ते या उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी आम्हाला स्वतःच्या पोटावर हात ठेवून समजावलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो. शेवटच्या महिन्यांत गर्भाशय तो पडदा खालून वर ढकलतं, जवळजवळ चार सेंटिमीटर. फुप्फुसांच्या तळाशी श्वासाचा जो साठा शिल्लक असतो तो घटतो. आणि नेमकी तेव्हाच शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण २० टक्क्यांनी वाढलेली असते. मिळकत कमी, खर्च जास्त. निरोगी बाई हे सगळं सहज निभावून नेते. न्यूमोनिया झाला, की निभावायला जागाच उरत नाही. त्यात गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल आधीच जास्त, आणि कोरोनाही रक्ताच्या गुठळ्या करतो.

आणखी एक अडचण त्या बोलल्या, ती मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त कळली. आठव्या महिन्यात दम लागतोच. पायरी चढली तरी लागतो. मग हा दम पोटुशीपणाचा की आजाराचा, हे बाईला कसं कळावं? घरच्यांना कसं कळावं? "मी दारातूनच विचारायची, काय गो, दम लागता? तर हसून म्हणायच्या, लागतोच की बाई." म्हणून त्या प्रत्येकीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या. इतर रुग्णांमध्ये ९४ दिसलं तर थोडं थांबून पाहता येतं, पण गरोदर बाईचा ऑक्सिजन ९५ च्या खाली जाऊ द्यायचा नसतो, कारण तिच्या रक्तातूनच बाळाला मिळत असतो.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावरही सोपं नाही. ऑक्सिजन वाढावा म्हणून इतर रुग्णांना पालथं झोपवत. आठ महिन्यांचं पोट घेऊन पालथं कसं झोपायचं? डाव्या कुशीवर वळवायचं, उशा लावायच्या. आणि कधीकधी डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहायचा, की बाळ आत्ताच बाहेर काढलं तर आईला श्वास घ्यायला जागा होईल का.

[दृश्य : काळा पडदा. त्यावर फक्त तारीख : १६ जानेवारी २०२१.]

या दिवशी भारतात लसीकरण सुरू झालं. दोनच दिवस आधी केंद्राच्या सूचना आल्या होत्या : गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस देऊ नये. लशींच्या चाचण्यांत त्यांना घेतलंच नव्हतं, म्हणून लस सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हता. पुरावा नाही म्हणून लस नाही. या भीतीला इतिहास आहे, तो मी नाकारत नाही. १९५०-६० च्या दशकांत थॅलिडोमाइड नावाचं औषध गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आली. त्यानंतर संशोधकांनी गरोदर बाईला चाचणीत घेणंच टाळलं. पण टाळल्याने धोका टळत नाही. तो चाचणीच्या खोलीतून उठून तिच्या घरात जाऊन बसतो. माझं हे मत आहे आणि मी ते ठामपणे मांडते.

मग दुसरी लाट आली.

मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने कोरोना झालेल्या गरोदर आणि बाळंत बायकांची एक नोंदवही ठेवली होती. पहिल्या लाटेत लक्षणं असलेल्यांचं प्रमाण १४.२ टक्के होतं, दुसरीत २८.७. मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर गेलं. दर हजारी सात होत्या, त्या सत्तावन्न झाल्या.

त्या मे महिन्यात आपल्या गोव्यात केलेल्या चाचण्यांपैकी जवळजवळ निम्म्या पॉझिटिव्ह येत होत्या. ११ मे रोजी रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात, गोवा मेडिकल कॉलेजात, २६ रुग्ण गेले, हे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. तेव्हा गोव्यात असलेल्या कोणालाही त्या रात्री विसरता येणार नाहीत, मीही विसरलेले नाही.

काकींची सून त्याच महिन्यात आजारी पडली. आधी काकींच्या मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला ताप आला. तो कामाला बाहेर जायचा. मग सासऱ्यांना. तिला फक्त कोरडा खोकला. चौथ्या दिवशी नर्सबाईंनी बोटाला यंत्र लावलं : ९२. त्याच संध्याकाळी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. दोन दिवसांनी सिझेरियन झालं. मुलगी, १ किलो ९०० ग्रॅम, कोरोना नसलेली. आईला तिचा फोटो मोबाइलवर दाखवला. पाचव्या दिवशी ती गेली. "डॉक्टरांनी काही ठेवलं नाही करायचं," काकी म्हणतात. "माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नाही."

[दृश्य : उपकेंद्राची नोंदवही, जवळून.]

जग तोवर कुठे होतं? त्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने बायकांना सांगितलं होतं, शक्य असेल तर दिवस जाणं पुढे ढकला. अमेरिकेत गरोदर बायकांनी लस घ्यावी असं रोगनियंत्रण केंद्राने ११ ऑगस्टला स्पष्ट म्हटलं. त्याच ऑगस्टमध्ये तिथे कोरोनाने २२ गरोदर बायका दगावल्या, तोवरच्या कुठल्याही एका महिन्यातला सर्वांत मोठा आकडा. त्या देशात २०१९ मध्ये ७५४ मातामृत्यू झाले होते, २०२१ मध्ये १,२०५. त्यांतल्या किमान ४०० मृत्यूंत कोरोनाचा हात होता. २०२२ मध्ये आकडा ८१७ वर उतरला.

आपल्याकडे १९ मे रोजी अंगावर पाजणाऱ्या मातांना परवानगी मिळाली. २ जुलैला गरोदर बायकांना. तोवर "लस घेतली तर मूल राहत नाही" ही अफवा घरोघर पोचली होती. नर्सबाई सांगतात, पहिल्या दिवशी त्यांच्या यादीतल्या बायकांपैकी तिघीच आल्या. मग त्या एकेकीच्या ओटीवर जाऊन बसल्या. सासवांशी बोलल्या, कारण निर्णय सासवांचा असायचा. काकी स्वतः त्यांच्याबरोबर दोन घरांत गेल्या.

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत, त्यासंबंधीच्या कारणाने बाई गेली, तर तो मातामृत्यू धरतात. नर्सच्या नोंदवहीतही शेवटची घरभेट ४२ व्या दिवशीचीच असते. साधारण तेव्हाच बाळाची दीड महिन्याची लस येते. या बाळाचा बेचाळिसावा दिवस जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला, परवानगी आली त्याच आठवड्यात.

[दृश्य : नोंदवहीतली ओळ. 'माता' या रकान्यात एक आडवी रेघ. 'बालक' या रकान्यात वजन : ३ किलो १००.]

नर्सबाई ठरल्या वेळी आल्या. पाऊस होता, छत्री ओसरीवर टेकवून ठेवली. काकींनी नातीला मांडीवर घेतलं आणि तिचा पाय घट्ट धरला.