जीव खाऊन टाकू नकोस : सँडी कोफॅक्स आणि १९६१ चा स्प्रिंग कॅम्प

फेब्रुवारी अर्धा सरला की अमेरिकेत बेसबॉलवाल्यांच्या तोंडी एकच बातमी असते, पिचर आणि कॅचर सीझनआधीच्या सराव कॅम्पला (स्प्रिंग कॅम्प) पोचले. बाकीची टीम अजून घरी असते, बॅटर नंतर काही दिवसांनी येतात, पण पिचरला आधी बोलावतात कारण त्याचा हात हिवाळाभर पडून असतो, तो काही एका दिवसात तयार होत नाही, आणि त्याने टाकलेला बॉल पकडायला कोणीतरी पाहिजे म्हणून कॅचरही सोबत. आज निम्म्या टीम ॲरिझोनात जातात, निम्म्या फ्लोरिडात. आपली गोष्ट फ्लोरिडातल्या व्हेरो बीचची आहे, तिथे नौदलाचा जुना विमानतळ होता, त्याच बराकींमध्ये १९४८ पासून डॉजर्स टीमचा कॅम्प भरायचा.

आपल्याला क्रिकेटची सवय, म्हणून आधी एक गोष्ट नीट बघून घ्या. पिचरला रनअप नाही. मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं, त्याला माउंड म्हणतात, आणि तिथून ६० फूट ६ इंच लांब असलेल्या होम प्लेटवर, म्हणजे बॅटर उभा असतो तिथे, बॉल फेकायचा, मध्ये टप्पा नाही. कोपर वाकवून फेकायचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला चकिंग म्हणून नो बॉल देतील तेच इथे रीतसर. पाय रोवायचा, कंबर फिरवायची आणि तो सगळा झटका शेवटी खांद्यावर आणि कोपरावर येतो, प्रत्येक बॉलला. म्हणून तर पहिल्या आठवड्यात कोणी जोर लावत नाही, जोडीने कॅच खेळत हळूहळू अंतर वाढवायचं, मग बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, मोजके बॉल, एक दिवस सुट्टी, मग पुन्हा थोडे जास्त.

आणि फक्त फेकणं नसतं हं. पिचरची फिल्डिंग प्रॅक्टिस मला बघायला फार आवडते. बॉल उजवीकडे मारला गेला, पहिल्या बेसवाला, म्हणजे बॅटर मारून आधी जिथे पळतो त्या बेसवरचा फिल्डर, तो अडवायला पुढे गेला, की पिचरने माउंडवरून सुटायचं, रिकाम्या बेसकडे पळत पळतच बॉल घ्यायचा आणि बॅटर पोचायच्या आत बेसला पाय लावायचा, की तो आउट. मग परत माउंडवर, परत तेच, सकाळभर. टीव्हीवर हे कधी दिसत नाही, पण सप्टेंबरमधल्या अटीतटीच्या मॅचमध्ये तो पाय आपोआप बेसवर पडतो तो या घोटण्यामुळेच.

व्हेरो बीचला अजून एक गंमत होती, दोऱ्या. डॉजर्सचे तेव्हाचे प्रमुख ब्रँच रिकी यांची आयडिया. होम प्लेटच्या वर खांबांना दोऱ्या बांधून एक चौकट करायची, बॅटरच्या गुडघ्यापासून वरपर्यंत, आणि पिचरने त्या चौकटीतून बॉल काढायचा. बॅटरची भीती नाही, अंपायर नाही, डोळ्यासमोर दोऱ्या आणि आपण.

इथे १९५५ मध्ये ब्रुकलिनचा १९ वर्षांचा डावखुरा पोरगा आला, सँडी कोफॅक्स. हातात वेग भयानक, पण बॉल कुठे जाईल याचा पत्ता नाही. तेव्हा नियम असा होता की सही करताना मोठा बोनस घेतलेल्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य टीममध्येच ठेवायचं, खालच्या लीगमध्ये पाठवायचं नाही. म्हणजे बाकीची पोरं छोट्या गावांत रोज बॉल टाकून शिकत होती आणि हा मोठ्या स्टेडियममध्ये बाकावर बसून. माझ्या मते त्याची खरी शाळा हे स्प्रिंगचे सहा आठवडेच होते. १९६० मध्ये ८ विजय, १३ पराभव, १७५ इनिंगमध्ये १०० वॉक, म्हणजे शंभर बॅटर त्याने फुकट पहिल्या बेसवर पाठवले. सीझन संपला तसे त्याने ग्लोव्ह आणि बूट कचऱ्यात टाकले. क्लबहाउस सांभाळणारे नोबे कावानो यांनी ते गुपचूप उचलून ठेवले आणि पुढच्या स्प्रिंगला त्याच्या हातात दिले.

तो स्प्रिंग १९६१ चा. मार्चमध्ये ओरलँडोला मिनेसोटाच्या टीमशी एक सराव मॅच होती, मुख्य टीमची पण नाही, राखीव खेळाडूंची. एका पिचरचं विमान चुकलं म्हणून सँडीला जास्त वेळ टाकायचं होतं. आणि पहिल्याच इनिंगला नेहमीचंच सुरू झालं, जोर लावला, बॉल बाहेर, अजून जोर, अजून बाहेर, तीनही बेस भरले. कॅचर नॉर्म शेरी उठून माउंडवर गेला आणि त्याला समजावलं की जीव खाऊन टाकू नकोस, थोडा सैल सोड, त्यांना मारू दे, आपण इथे सरावालाच आलोय ना. सँडीने ऐकलं. पुढचे तिन्ही बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन-तीन स्ट्राइक होऊन बाद. सात इनिंग टाकल्या आणि एकही हिट दिला नाही, म्हणजे कोणालाही फटका मारून बेसवर पोचू दिलं नाही. नंतर शेरीने त्याला सांगितलं की तू जोर काढून टाकत होतास तेव्हा तुझा बॉल आधीपेक्षा जास्त वेगात येत होता.

हे मला अजूनही थक्क करतं. सहा वर्षं प्रत्येकाने त्याला काही ना काही सांगितलं असेल, पण निकालाची पर्वा नसलेल्या त्या मॅचमध्ये, रिकाम्याशा मैदानावर, ते एकदाचं हातात उतरलं. त्याच वर्षी २६९ स्ट्राइकआउट, नॅशनल लीगमधला, म्हणजे डॉजर्स खेळतात त्या लीगमधला, पिचर मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा विक्रम मोडला. १९६३ मध्ये ३११ इनिंग टाकल्या आणि वॉक किती, फक्त ५८.

कोपर मात्र सुजायला लागलं होतं. संधिवात. १९६६ च्या सीझननंतर, तिशीत, सगळ्यात भरात असताना सँडी थांबला.

१९७९ मध्ये डॉजर्सनी त्याला परत बोलावलं, खालच्या लीगच्या पिचरना शिकवायला. परत व्हेरो बीच, परत फेब्रुवारी, आणि समोर विशीतली पोरं, पहिल्याच दिवशी जीव खाऊन बॉल टाकणारी.