हम्फ्री लिटलटन यांचे स्मरण

मंडळाचे अध्यक्ष, ज्येष्ठ सभासद आणि मित्रहो,

आपण लंडनमध्ये राहतो, तेव्हा संगीतावर बोलायचे तर याच शहराने जिवापाड जपलेल्या एका वादकाविषयी बोलावे, असे मी ठरवले. ट्रम्पेटवादक आणि वृंदप्रमुख हम्फ्री लिटलटन २५ एप्रिल २००८ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी निवर्तले. इथले जॅझप्रेमी त्यांना नुसते 'हम्फ' म्हणत, अगदी घरच्या माणसाला हाक मारावी तसे.

त्यांचा जन्म २३ मे १९२१ रोजी ईटन शाळेच्या आवारात झाला. वडील तिथेच शिक्षक होते. १९३६ साली लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या शाळांचा सामना चालू असताना हा मुलगा आईबरोबर चेरिंग क्रॉस रोडवर गेला आणि त्याने आपला पहिला ट्रम्पेट विकत घेतला. वादन ते स्वतःच शिकले. महायुद्धात ते ग्रेनेडियर गार्ड्स या पलटणीत अधिकारी होते, आणि ८ मे १९४५ रोजी, युरोपातील विजयाच्या दिवशी, रस्त्यावर लोटलेल्या गर्दीत एका हातगाडीत बसून त्यांनी वाजवलेला ट्रम्पेट बीबीसीच्या त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणात आजही ऐकू येतो.

१९४८ साली त्यांनी स्वतःचा वृंद उभा केला. त्या काळी ब्रिटनमधील अनेक तरुण अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या जुन्या जॅझकडे वळले होते. या शैलीत ट्रम्पेट मुख्य सुरावट धरून ठेवतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वरच्या पट्टीत नक्षी विणतो, ट्रॉम्बोन खालून आधार देतो आणि तिघेही एकाच वेळी, आयत्या वेळी सुचेल ते वाजवत असतात. प्रत्येकाने दुसऱ्याचे ऐकले नाही, तर सगळा गोंगाट होईल. हम्फ यांच्या वृंदात क्लॅरिनेटवर वॉली फॉक्स होते. दोघेही उत्तम व्यंगचित्रकार, हा योग मला फार आवडतो.

त्या वेळी परदेशी वादकांना ब्रिटनमध्ये जाहीर वादनाची परवानगी जवळजवळ मिळतच नसे. तरीही नोव्हेंबर १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे थोर वादक सिडनी बेशे लंडनला आले, 'प्रेक्षक' म्हणून नाट्यगृहात बसले आणि मग रंगमंचावर येऊन हम्फ यांच्या वृंदाबरोबर वाजवू लागले. आयोजकांना पुढे दंड झाला. पण त्याच भेटीत या दोघांची ध्वनिमुद्रिकाही तयार झाली. ज्यांची शैली या तरुणांनी केवळ ध्वनिमुद्रिका ऐकून आत्मसात केली होती, ते गुरुतुल्य वादक शेजारी उभे राहून वाजवत होते, आणि हा ताण त्या वृंदाने किती डौलाने पेलला, हे ती ध्वनिमुद्रिका ऐकताना कळते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९५३ सालचा निर्णय. हम्फ यांनी वृंदात ब्रूस टर्नर यांचा आल्टो सॅक्सोफोन आणला. जुन्या घडणीच्या वृंदात या वाद्याला जागा नाही, असे मानणारे चाहते खवळले आणि बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये काहींनी टर्नर यांना 'घरी जा' असे बजावणारा फलक फडकवला. घराण्याच्या शुद्धतेवरून आपल्याकडे झडलेले वाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हा संताप अनोळखी वाटणार नाही. हम्फ यांनी मात्र टर्नर यांना सोडले नाही. न्यू ऑर्लिन्सचे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्यावर हम्फ यांची अखेरपर्यंत भक्ती होती, आणि तरीही ते पुढे अमेरिकी वृंदप्रमुख काउंट बेसी यांच्या वळणाच्या स्विंगकडे, म्हणजे झुलत्या लयीच्या जॅझकडे, गेले, बक क्लेटन यांच्यासारख्या अमेरिकी वादकाशी मैत्री करून त्यांच्याबरोबर वाजवत राहिले, आणि कॅथी स्टोबार्ट या समर्थ टेनर सॅक्सोफोनवादक स्त्रीला त्यांनी आपल्या वृंदात मानाचे स्थान दिले. आवडत्या परंपरेशी इमान राखूनही तिच्या कुंपणात न अडकणे किती अवघड असते, हे त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की उमगते.

१९५६ साली त्यांची 'बॅड पेनी ब्लूज' ही रचना ब्रिटनमधील पहिल्या वीस लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांत जाऊन बसली. बीबीसी रेडिओ २ वरील त्यांचा जॅझचा कार्यक्रम १९६७ पासून २००८ पर्यंत चालला. विनोदी कार्यक्रमाचे सूत्रधार म्हणून ते घराघरांत पोहोचले हे खरे, पण त्यामुळे त्यांच्यातील वादक झाकला गेला, अशी माझी तक्रार आहे. तिरप्या वळणाच्या सुंदर हस्ताक्षराचीही त्यांना ओढ होती आणि त्या लेखनपद्धतीला वाहिलेल्या संस्थेचे ते अध्यक्ष होते.

एकोणऐंशीव्या वर्षी रेडिओहेड या तरुण रॉक वृंदाने बोलावल्यावर हम्फ आपल्या वादकांना घेऊन गेले आणि त्यांच्या एका गाण्यात जुन्या न्यू ऑर्लिन्सची धून त्यांनी अशी मिसळली की ती उपरी वाटत नाही. ते गाणे २००१ साली प्रसिद्ध झाले. बेशे यांच्याबरोबरची ध्वनिमुद्रिका, 'बॅड पेनी ब्लूज' आणि हे गाणे, अशी तीनही ध्वनिमुद्रणे मी आज बरोबर आणली आहेत; चहानंतर ती याच क्रमाने ऐकू या.