शेजारी आधी का ओरडतो?

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘क्रीडा प्रक्षेपणाचे हक्क आणि सार्वजनिक हित’ असा भारदस्त छापलाय. तो मीच कळवला होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पण एवढ्या उकाड्यात तुम्ही हक्क आणि हित ऐकायला आला नाहीत हे मला कळतं. मघाशी दारातच एका आजोबांनी गाठलं, ‘आता मॅच बघायला परत पैसे भरायचे का हो?’ त्यावर बोलणार आहे, पण माझं खरं दुखणं त्याच्या थोडं पुढचं आहे. मॅच आपण सगळे एकाच क्षणी बघायचो. ते आता बंद पडत चाललंय, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

29 जून 2024 ची रात्र आठवा. बार्बाडोसला टी-20 वर्ल्ड कपची फायनल. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 हव्यात, समोर डेव्हिड मिलर, चेंडू हार्दिक पंड्याकडे. आमच्याकडे पुतण्यानं टीव्हीवर अॅप चालू करून दिलेलं. पंड्या अजून फील्डर हलवतोय, मिलर ग्लोव्हजचे पट्टे आवळतोय, आणि खालच्या मजल्यावरून आरोळी! पाठोपाठ समोरच्या इमारतीतून. मग एक सुतळी बॉम्ब. आमच्या खोलीत सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. सौ. म्हणाली, ‘गेला वाटतं.’ मग पंड्या धावला. फुलटॉस. मिलरनं उचलला, चेंडू लाँगऑफकडे, सूर्यकुमार पळतोय, झेल घेतला, तोल जातोय म्हणून चेंडू आत उडवला, स्वतः दोरीबाहेर, पुन्हा आत येऊन पकडला. आपल्या मुंबईच्या पोरानं घेतलेला असा झेल, आणि मी तो निकाल लागल्यावर पेपर वाचावा तसा बघितला! (हशा)

हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचं हेच झालंय.

याचं कारण मी त्या पुतण्याकडूनच समजून घेतलं. डिशवरचं चित्रही काही सेकंद उशिरानंच येतं, पण ते सगळ्यांना साधारण सारख्याच उशिरानं. अॅपवाले चित्राचे थोड्याथोड्या सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा भारी नेटसाठी वेगळा, रडतखडत चालणाऱ्या नेटसाठी वेगळा. ते देशभरच्या सर्व्हरांवर जातात, आणि मध्येच गोल गोल फिरायला लागू नये म्हणून तुमचा फोन दोन-चार तुकडे आधी साठवतो आणि मगच दाखवायला घेतो. अर्धा मिनिट सहज जातो. त्यात प्रत्येक यंत्राचा उशीर निराळा. एकाच घरात बैठकीतला टीव्ही आणि स्वयंपाकघरातला मोबाइल वेगवेगळ्या चेंडूवर असतात. स्वयंपाकघर बहुधा मागे असतं, ही आणखी एक जुनी तक्रार झाली.

पूर्वी टीव्हीच्या दुकानाच्या काचेबाहेर घोळका असायचा. मागून येणारा माणूस अनोळखी खांद्यावर हात ठेवून विचारायचा, ‘किती झाले?’ आणि समोरचा न वळता सांगायचा. आता रिक्षावाल्याच्या फोनवर मॅच चालू असते, आपल्या खिशातही चालू असते, आणि विचारायची सोय नाही, कारण तो पुढच्या षटकात असतो.

तरुण मंडळी म्हणतील, काका दूरदर्शनच्या आठवणीत रमले. छे! दूरदर्शनचं मला कौतुक सांगू नका. ऐन रंगात बातम्यांची वेळ झाली की मॅच गायब. गच्चीवर अँटेना फिरवणारा वर, मुंग्या मोजणारा खाली, आणि मधल्या जिन्यात निरोप्या पोरगा. अकड तर अशी, की मॅच दाखवायचे पैसे क्रिकेट मंडळानंच द्यावेत! 1993 च्या हीरो कपला बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले, तर सरकारनं परवानग्या अडवल्या आणि कस्टमनं कंपनीची यंत्रसामग्री अडकवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे आपल्याला ईडन गार्डन्सवरचं सचिनचं ते शेवटचं षटक दिसलं, सेमीफायनलचं. आफ्रिकेला सहा हवे होते, दिले तीन. फायनलला कुंबळेनं 12 धावांत 6 घेतले. त्या खटल्याचा निकाल फेब्रुवारी 1995 मध्ये लागला. तो लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालाचं सार एवढंच: हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता, सरकारचीही मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्याचीही नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता 2007. वेस्ट इंडिज आलेली, पहिला सामना नागपूरला, आणि दूरदर्शनवर नागपूरचा सामना नाही! हक्क खासगी वाहिनीकडे. नागपूरबाहेरचं जामठ्याचं आताचं मैदान अजून झालेलं नव्हतं, सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानावर मॅच, आणि केबल नसलेल्या नागपूरकराला ती दिसत नाही. गदारोळ झाला. दिल्ली उच्च न्यायालयानं तोडगा काढला तो ऐका: दूरदर्शनला चित्र द्या, पण सात मिनिटं उशिरानं. सात मिनिटं! केबलवाल्याच्या घरात गांगुली आउट होऊन पॅड काढतोय आणि अँटेनावाल्याच्या घरात अजून चौकार मारतोय. तेव्हा लोक चिडले, सरकारनं अध्यादेश काढला, मग कायदा झाला. आज तोच उशीर आपण स्वतः पैसे भरून घेतो. फक्त मिनिटांऐवजी सेकंदांचा.

पैसे भरणं हासुद्धा सोहळाच. अॅपचं नाव घेत नाही, सगळी एका माळेची. पडद्यावर खोके, त्यात ई-मेल लिहायचा. रिमोटच्या बाणानं एकेक अक्षर गाठायचं. ‘के’वर जायचं म्हटलं की बाण ‘एल’वर उडी मारतो. चूक पुसायचं बटण शोधलं तर सगळंच पुसलं गेलं. मोठ्या कष्टानं पत्ता पुरा झाला, तर ओटीपी गेला लेकीच्या फोनवर, कारण वर्गणी तिनं भरलेली. लेक मीटिंगमध्ये. ओटीपी मिळाला तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा मागवला, तर म्हणे एका वेळी एवढ्याच यंत्रांवर बघता येईल. जावई गाडीत बघत होता! त्याला फोन करून मॅच बंद करायला लावली, तेव्हा सासऱ्याला टॉस दिसला. टॉस होऊन गेला होता म्हणा. (हशा)

चांगलंही सांगतो, नाहीतर एकांगी वाटेल. रेडिओवर बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकत आमची पिढी वाढली. टीव्हीवर मराठीला फारसं कोणी विचारलं नाही. 2023 च्या आयपीएलला जिओसिनेमानं मराठी समालोचन दिलं, आणि ते करणाऱ्या केदार जाधवला हंगामाच्या मध्येच बंगळुरूच्या संघानं खेळायला बोलावलं. माइक ठेवला, बॅट उचलली! अॅपला जागेची टंचाई नसते, म्हणून मराठीला खुर्ची मिळाली. त्याबद्दल शंभर गुण.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे विषयाला आता हात घालतो.

त्या 2007 च्या कायद्यानुसार भारताचे एकदिवसीय आणि टी-20 सामने, ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा जाहीर यादीतल्या स्पर्धांचं चित्र खासगी वाहिनीनं दूरदर्शनला द्यायचं, स्वतःच्या जाहिराती काढून. दूरदर्शनच्या जाहिरातींचे 75 टक्के हक्कदाराला. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हे चित्र दूरदर्शनचा मनोरा, म्हणजे अँटेनावाले, आणि दूरदर्शनचीच बिनवर्गणीची फ्री डिश एवढ्यापुरतंच, केबल आणि खासगी डिशवरच्या दूरदर्शनला नाही. म्हणून तुमच्या केबलवर दूरदर्शन लावलं तर मॅचच्या वेळी भलताच कार्यक्रम दिसतो. केबलवाल्याला शिव्या घालू नका, तो बिचारा निकाल पाळतो.

मेख अशी की कायद्यात केबल, डिश आणि रेडिओ लिहिलंय, अॅप लिहिलेलं नाही. 2007 मध्ये कोणाच्या डोक्यात येणार? आणि पैसा आता तिकडेच चाललाय. 2023 ते 2027 चे आयपीएल हक्क 48,390 कोटींना गेले. त्यात देशातल्या टीव्हीचे 23,575 आणि डिजिटलचा एकच मोठा गठ्ठा 20,500 कोटींचा. आधी मॅच फुकट दाखवून चटक लावली. फेब्रुवारी 2025 मध्ये दोन मोठी अॅप एक झाली, जिओहॉटस्टार, आणि त्या वर्षीच्या आयपीएलला तीन महिन्यांचे 149 रुपये मोबाइलवर, किंवा ठरावीक रिचार्ज मारा. आयपीएलचं माझं काही म्हणणं नाही. तो धंदा आहे, हवे तेवढे घ्या. भारताच्या सामन्याचं म्हणणं आहे.

उद्या एखाद्यानं ठरवलं की भारताचा वर्ल्ड कपचा सामना टीव्हीवर नकोच, फक्त अॅपवर, तर केबल किंवा डिशवर न दाखवल्यामुळे तो चित्र द्यायला बांधील नाही, असं मी तरी वाचतो. वकील मंडळी बसलीयत, त्यांनी दुरुस्त करावं. ‘इंटरनेट म्हणजे हवेतल्या लहरी नव्हेत’ असं ते म्हणतील. घरातल्या फायबरपुरतं खरं. पण मोबाइलवरचं 4जी-5जी कशावर चालतं? सरकार लिलाव करतं त्या स्पेक्ट्रमवर, म्हणजे हवेतल्या लहरींच्याच पट्ट्यांवर. म्हणजे सावंतसाहेबांनी जनतेची म्हटलेली तीच मालमत्ता! मग मोबाइलवरच्या मॅचला दूरदर्शनला चित्र द्यायची अट का नको?

मागणी छोटी आहे. यादीतल्या सामन्यांसाठी कायद्यात अॅप घाला. फ्री डिश नसलेल्यांसाठी दूरदर्शनचं चित्र केबलवरही येऊ द्या, त्यातून मिळेल त्यातला हिस्सा हक्कदाराला वाढवून द्या, तक्रार नाही. महिलांचे सगळे सामने यादीत बरोबरीनं घाला. उशिराबद्दलही नियम हवा, अमुक सेकंदांपेक्षा जास्त नको, तंत्र आज उपलब्ध आहे, कंपन्यांना खर्च नकोय एवढंच. कबड्डीचं राहिलं... अध्यक्ष उभे राहिले म्हणजे मी बसलं पाहिजे. वकीलसाहेबांचा हात केव्हापासून वर आहे, माइक त्यांना द्या.