सरड्याला दिलेली राजाची भूमिका

पडद्यावर दिसणाऱ्या एका प्राण्याला 1955 च्या ‘किंग डायनोसॉर’ या अमेरिकी चित्रपटातले शास्त्रज्ञ टायरॅनोसॉरस रेक्स या अजस्र मांसाहारी डायनोसॉरच्या पंक्तीला बसवतात. प्रत्यक्षात तो इग्वाना, म्हणजे पाला खाऊन जगणारा मोठा सरडा आहे. दिग्दर्शक बर्ट गॉर्डन यांचा हात इतका आखडता होता की नोव्हा नावाच्या नव्या ग्रहावर उतरणारी मोहीमही चारच माणसांची आहे. संवादांत आणि पार्श्वसंगीतात जी दहशत भरली आहे, तिचा त्या सरड्याच्या चेहऱ्याला पत्ताही नसतो, आणि हसू फुटते ते नेमके इथे.

लहान प्राणी अजस्र भासावा म्हणून चित्रीकरण अधिक वेगाने करून ते पडद्यावर संथ दाखवण्याची युक्ती खरोखरच चांगली होती; पण पायांना उपाय नव्हता. डायनोसॉरचे पाय शरीराच्या थेट खाली असत, तर सरड्याचे दोन्ही बाजूंना फाकलेले असतात, त्यामुळे त्याच्या पाठीवर शिंगे चिकटवा किंवा माशासारखा पर, चालू लागताच तो सरडाच ठरतो.

सरड्यांना डायनोसॉर म्हणून खपवण्याच्या या प्रथेला बळ दिले ते हॅल रोच यांच्या 1940 च्या ‘वन मिलियन बी. सी.’ने. त्यातली प्राण्यांची दृश्ये पुढे अनेक स्वस्त चित्रपटांनी उचलली. ‘किंग डायनोसॉर’मधला मॅमथ तिथलाच, आणि 1953 च्या ‘रोबॉट मॉन्स्टर’मधले काही प्राणीही तिथलेच. एकच जनावर कधी आदिमानवाच्या काळात, तर कधी परग्रहावर भेटते, हे ओळखण्यात मोठी गंमत आहे.

मात्र ‘वन मिलियन बी. सी.’मध्येच पाठीवर माशासारखा पर चिकटवलेली लहान मगर आणि टेगू सरडा यांची झुंज आहे, आणि ती खरी आहे. तिला मी विनोद म्हणू शकत नाही. चित्रीकरणासाठी प्राण्यांना यातना देऊन घेतलेली दृश्ये दाखवायला ब्रिटनमध्ये 1937 च्या कायद्यानेच बंदी घातली होती.

मनमोकळे हसायचे असेल तर 1957 चा ‘द लँड अननोन’ पाहावा. अंटार्क्टिकातल्या उष्ण दरीत, हेलिकॉप्टर बिघडून अडकलेल्या माणसांसमोर जो टायरॅनोसॉरस येतो, त्याच्या आत अवजड पोशाख चढवलेला माणूस आहे, आणि तोल सांभाळत टाकलेल्या त्याच्या प्रत्येक पावलात त्या माणसाची मेहनत दिसते. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि तरीही तो पडद्यावर आला की मी पोट धरून हसतो.