कामून गळालं?

छत्रपती संभाजीनगर. मे महिन्यातली दुपार. पत्र्याच्या शेडमध्ये कूलर घरघरतोय आणि जुन्या टायरवर एक गिअरबॉक्स आडवा ठेवलाय.

गाडी एमजीबी. दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1962 ते 1980 या काळात बनली; ही 1970 ची. दौलताबादचा घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, क्लच प्लेट, तेलात भिजून घसरत होती.

पण तेल कुणाचं? एरवी गिअर ऑइलच्या उग्र वासावरून लगेच कळतं. इथे पंचाईत अशी, की एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच ऑइल घालतात. वास तोच, रंग तोच. शिवाय गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिनसकट वर उचलावा लागतो. एवढा खटाटोप पुन्हा कोण करणार? म्हणून मिस्त्री मामांनी पुसायच्या आधी डाग बघितले. फ्लायव्हीलमागे, म्हणजे इंजिनच्या बाजूला, कोरडं. ओघळ गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरखालून आलेला.

जुनं सील, म्हणजे शाफ्टच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं कडं, बाहेर आलं. आतला रबरी ओठ नखानं दाबला तर वाकेना, प्लास्टिकसारखा कडक. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबराचं असंच होतं.

हाताखालचं पोरगं नवीन सील घेऊन तयारच होतं. मामांनी थांबवलं.

"आधी बघ, कामून गळालं ते."

त्यांनी शाफ्टवरून नख फिरवलं. एका जागी अडकलं. जुन्या ओठानं तिथे बारीक खाच पाडली होती. नवा ओठही त्याच खाचेत बसला, तर पुन्हा गळणार.

सील विलायतेहून मागवलेलं. वाळूजला दुचाक्या बनतात, शहरात पार्टची दुकानं ढिगानं. पण इथली सीलं मिलिमीटरची आणि ही गाडी इंचातली.

आता बसवणं. ओठ तेलाच्या बाजूला, त्यावर बोटभर ग्रीस. कव्हर चढवताना शाफ्टवरच्या दातांच्या धारेनं ओठ चिरू नये म्हणून त्यांवर सेलोटेप गुंडाळलेला. हातोडी थेट सीलवर नाही. मापाचा पाइपचा तुकडा ठेवून, चहूबाजूंनी हलके ठोके. खाच टाळायला सील मिलिमीटरभर बाहेर ठेवलं.

"तिरकं नको बसवू लेका. सरळ."

नवी क्लच प्लेट बसली. चौथ्या दिवशी गाडी घाट चढून आली. रात्री खाली पुठ्ठा अंथरला.

सकाळी पुठ्ठ्यावर एक ओला डाग. पोरगं वाकलं, बोट लावून चोळलं.

"पाणी हाय, मामा. कूलरचं."